पान सव्वीस

“मंगळवार, संध्याकाळी सहा दहा,” हणबर साहेबांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. “घोटणवाडी केंद्राची तक्रार बंद. बंद करणाऱ्याचं नाव, व्ही. एस. मगदूम.”

वत्सलाकाकू टेबलाच्या पलीकडे बसल्या होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

“असेल साहेब,” त्या म्हणाल्या. “माझ्याच हातून दाबलं गेलं असेल.”

“असेल म्हणजे? आठवत नाही?”

“दिवसाला साठ-सत्तर फोन असतात. नवीन आहे ते सगळं. कुठं बोट लागलं असेल.”

“बाई, बोट लागून तक्रार बंद होत नाही. आधी विचारतंय ते, नक्की बंद करायची का म्हणून.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय ओ मॅडम? विचारतंय ना?”

“विचारतं,” मी म्हणाले.

ते खरंच होतं. माणूस बंद करायला गेला तर विचारतं.

दूध संघाच्या मुख्य कार्यालयातली ती खोली अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. सात वर्षं झाली. माझी मुलगी जुई तेव्हा सहा महिन्यांची होती आणि मला कामावर परत येऊन चारच महिने झाले होते. आमची कंपनी म्हणजे पाच माणसं आणि मालक निनाद सर. संघाची दीडशे गावांत दूध संकलन केंद्रं, प्रत्येक केंद्रावर दूध थंड करायचं यंत्र. यंत्र बिघडलं की केंद्रावरून मुख्य कार्यालयात फोन यायचा, तो वत्सलाकाकू घ्यायच्या आणि मेस्त्री पाठवायच्या. एकोणीस वर्षं हे सगळं त्यांच्या लांबट वहीत चाललं होतं. आम्ही ते संगणकावर आणलं. तक्रार नोंदवायचे नमुने कसे असावेत, कुठला रकाना सक्तीचा, तक्रार कुणाकडे जाईल, कधी बंद होईल, हे सगळं ठरवायचं आणि त्याची पुस्तिका लिहायची, हे माझं काम. बासष्ट पानांची पुस्तिका मी लिहिली होती.

आणि गेल्या गुरुवारी सकाळी घोटणवाडीच्या केंद्रावर मालन पोवार नावाची बाई यंत्र धुताना विजेच्या झटक्यानं फेकली गेली होती. जीव वाचला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

त्याच्या आधीच्या सोमवारी केंद्रावरून फोन आलेला होता. यंत्राला हात लावला की मुंग्या येतात म्हणून. वत्सलाकाकूंनी तो नोंदवला होता, संध्याकाळी सहा दहाला. मंगळवारी सहा दहाला ती तक्रार बंद झाली. मेस्त्री गेलाच नाही.

“साडेपाचला मस्टरवर सही आहे तुमची,” साहेब म्हणाले. “पण सही करून परत फोन घेत बसता, हे काय मला माहीत नाही होय. जाताना यादी मोकळी करून गेला असणार. बाई, मला वाईट वाटतंय. पण हात भाजलाय एका बाईचा. वरून विचारणार मला.”

“विचारणारच,” काकू म्हणाल्या.

“चार वाजता लेखी जबाब द्या. निलंबन करणं माझ्या हातात नाही. थांबवणंही नाही.”

मी मान खाली घालून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते. सोमवारी सहा दहा, मंगळवारी सहा दहा. चोवीस तास, मिनिटाचाही फरक नाही. माणूस असं काही मिनिटावर करत नाही. ते नियम करतो. तो नियम मी लिहिला होता.

*

कसा लिहिला तेही सांगते, कारण त्यात काही मोठं नाही. आमच्याकडे एका इंजिनिअरिंग कॉलेजचं जुनं काम होतं. तिथे पोरं संगणक बिघडल्याच्या वाटेल तशा तक्रारी टाकायची, संगणकाचा क्रमांकसुद्धा न लिहिता. म्हणून तिथे नियम होता: क्रमांक नसलेली तक्रार अपूर्ण, आणि अपूर्ण तक्रार चोवीस तासांत आपोआप बंद. दूध संघाचं काम आलं तेव्हा मी तीच मांडणी उचलली. ‘प्रयोगशाळा’च्या जागी ‘केंद्र’ केलं, ‘संगणक क्रमांक’च्या जागी ‘यंत्र क्रमांक’.

केंद्रावरची यंत्रं दिवसातून दोनदा धुतात. क्रमांकाची पट्टी वर्षभरात पुसून कोरी होते. हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. घोटणवाडीच्या तक्रारीतही तो रकाना रिकामाच होता.

त्या दिवशी माझं लॉगिन अजून आलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या होत्या, “माझ्यावरनं कर की. तोवर मी चहा घेऊन येते.” जुईला लस टोचलेली, अंग तापलेलं, मला चारची बस गाठायची होती. मी त्यांच्या नावावरूनच सगळे नियम बसवले. त्यामुळे तो नियम जेव्हा जेव्हा काही बंद करायचा, तेव्हा नोंदीत नाव त्यांचं पडायचं.

हे सगळं त्या खोलीत फक्त मला कळलं होतं. असं मी समजत होते.

*

बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर निनाद सरांचा फोन आला.

“काय झालं?”

मी सांगितलं. नियमाचं, नावाचं, सगळं.

“पुस्तिकेत आहे ना नियम?”

“पान सव्वीस. अपूर्ण तक्रारी चोवीस तासांनंतर आपोआप बंद होतील.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग एक ओळ वाढव. अशा बंद झालेल्या तक्रारी रोज सकाळी बघायची जबाबदारी ऑपरेटरची, अशी. तारीख जुनीच ठेव आणि मला पाठव. मी सर्व्हरवर बदलतो. साडेतीनपर्यंत.”

“सर, पण त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.”

“रेणुका, ऐक. तू खोटं काही लिहायचं नाहीयेस. जे लिहायचं राहिलं होतं ते लिहायचंय. हे काम गेलं तर आपण सहा जण काय करणार, सांग मला. तुझ्यासह.”

माणूस वाईट नव्हता. मी न मागता त्यांनी मला आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिलं होतं. जुई झाली तेव्हा त्यांच्या आईनं डिंकाचे लाडू पाठवले होते. त्यांच्या आवाजातली भीती माझ्या ओळखीची होती, कारण तीच मलाही वाटत होती. माझ्या नवऱ्याचं काम तेव्हा सुटलेलं होतं.

“बघते,” मी म्हणाले.

*

“झालं का बोलून?” वत्सलाकाकू मागेच उभ्या होत्या. “चल. एक वाजला. तुझी वेळ झाली.”

माझी वेळ म्हणजे दूध काढायची वेळ. घरापासून इतके तास लांब राहिलं की छाती दगड व्हायची. संघात पहिल्यांदा आले तेव्हा मी हे कुणाला सांगणार होते, पण काकूंनी नुसतं माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखलं होतं. तेव्हापासून तपासणी प्रयोगशाळेमागची छोटी खोली माझी झाली होती. मी आत बसायचे आणि काकू दाराबाहेर स्टूल टाकून बसायच्या.

“काय गंमत बघ,” त्या बाहेरून म्हणाल्या. “इथं रोज लाखभर लिटर दूध येतंय, आणि तू वाटीभरासाठी कोपरा शोधतीस.”

मला नेहमीसारखं हसू आलं नाही.

“बाटली नमुन्याच्या फ्रीजमध्ये ठेव. चिठ्ठी लाव हं पण. नाहीतर ती पोरं नमुना समजून फॅट काढून मोकळी होतील.”

“काकू,” मी आतून म्हणाले, “तुम्ही खरंच बंद केली ती तक्रार?”

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला.

“जुईला दात यायला लागले का गं?” त्या म्हणाल्या.

“खालचे दोन.”

“मग चावत असेल.”

“चावते.”

“चावली की ओरडायचं नाही. नाक हळूच दाबायचं, सोडते आपसूक. माझा थोरला असाच होता. अजून चावतोय, पण आता तोंडानं.”

मी बाटलीचं झाकण लावलं. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला ते उत्तर नको होतं, हेही खरंच.

*

जेवून त्या त्यांच्या टेबलाशी जबाब लिहीत बसल्या. मी समोरच्या बाकावर बसून पान सव्वीस उघडलं आणि ओळ लिहिली. “आपोआप बंद झालेल्या तक्रारींची यादी रोज सकाळी तपासून, आवश्यक त्या पुन्हा उघडण्याची जबाबदारी ऑपरेटरची राहील.” चार मिनिटं लागली. वाक्य सुबक झालं होतं. बासष्ट पानांत तितकं चोख वाक्य दुसरं नसेल. तारीख जुनी ठेवली, पत्राला जोडलं. फक्त पाठवायचं राहिलं होतं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“रेणू, जरा बघ गं हे,” काकूंनी कागद पुढे केला. “तुझं लिहिणं सोपं असतं. माझं आपलं पाल्हाळ होतं.”

अक्षर टपोरं, एकही खाडाखोड नाही. “मंगळवारी सायं. ६ वा. १० मि. नी मी सदर तक्रार नजरचुकीने बंद केली. यात अन्य कोणाचाही दोष नाही.”

“मंगळवारी सहा दहाला तुम्ही कुठं होता?” मी विचारलं.

“इथंच असेन.”

“काकू.”

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“बसमध्ये होते,” त्या म्हणाल्या. “भाच्याच्या पोराचं बारसं होतं. साडेपाचलाच निघाले त्या दिवशी.”

“मग बंद कशी केली?”

“मी कुठं केली? पान सव्वीसनं केली.”

मी हातातला कागद खाली घेतला.

“वाचलंय मी ते,” त्या सावकाश म्हणाल्या. “तू एवढं लिहिलंस, कुणी तरी वाचायला नको? पडद्यावर डोळे दुखतात म्हणून छापून घेतलं होतं. घरी आहे. दोनदा वाचलं. शुक्रवारी परत काढून बघितलं. नियम तू चहाच्या वेळी बसवलास ते पण आठवतंय मला. माझ्याच खुर्चीत बसली होतीस.”

“मग सकाळी का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? सहा महिन्यांचं पोर घरात असलेल्या बाईनं केलं म्हणून सांगू? नवरा घरी बसलाय म्हणालीस ना मागे. मला आठ महिने राहिलेत. फार तर घरी बसवतील, नाहीतर स्टोअरला टाकतील. स्टोअरला गार असतं, बरं असतं.”

“काकू, एकोणीस वर्षं…”

“आणि ऐक. बंद मी केली नाही, पण विसरले मीच. मालनचा आवाज मी ऐकला होता ना फोनवर. मुंग्या येतात म्हणाली. मी लिहून ठेवलं आणि म्हटलं, आता ते यंत्र बघून घेईल. वहीत असतं तर दुसऱ्या दिवशी पान उलटताना दिसलं असतं. पडद्यावरून गेलं आणि माझ्या डोक्यातनंही गेलं. तेवढं माझं आहे. बाकीचं तुझं असलं तरी तेवढं माझं आहे.”

फोन वाजला. त्यांनी उचलला. “हां, बोला. वत्सला बोलतेय. थांबा, लिहून घेते.” आणि जबाबाचा कागद माझ्या हातात तसाच ठेवून त्या लिहायला लागल्या.

माझ्या लॅपटॉपवर ते पत्र उघडंच होतं. मी ते पाठवलं नाही, एवढंच सांगता येईल. फार विचार केला असं नाही. भीती गेली असंही नाही. त्या बाईला मी सकाळपासून वाचवायचं की नाही याचा हिशेब करत होते, आणि ती शुक्रवारपासून मला वाचवत होती. तिथून पुढे बसून राहणं मला जमेना.

*

चार वाजता मी हणबर साहेबांसमोर लॅपटॉप ठेवला आणि नियमांचं पान उघडलं.

“हा नियम मी बसवलाय,” मी म्हणाले. “मगदूमबाईंच्या लॉगिनवरून. त्यामुळे नाव त्यांचं दिसतं. यंत्र क्रमांक नसला की तक्रार चोवीस तासांनी आपोआप बंद होते. त्यांनी काहीच केलेलं नाही. मंगळवारी त्या वेळी त्या बसमध्ये होत्या.”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सकाळी मी तुम्हाला विचारलं होतं.”

“हो.”

“मग?”

“घाबरले होते.”

ते वत्सलाकाकूंकडे वळले. “आणि तुम्ही? काही केलेलं नसताना जबाब लिहिलात?”

“फोन मी घेतलेला साहेब,” काकू म्हणाल्या.

“तुम्ही दोघी मिळून मला वेडा करणार.” त्यांनी जबाबाचा कागद घडी करून काकूंकडे परत सरकवला. “यंत्र क्रमांक म्हणे. अहो मॅडम, त्या पट्ट्या कधीच्या पुसल्यात. एखाद्या केंद्रावर जाऊन तरी बघायचं होतं.”

“हो.”

“अशा अजून किती बंद झाल्यात?”

हा प्रश्न मला सकाळपासून सुचलाच नव्हता. मी यादी काढली. अकरा आठवडे, एकेचाळीस तक्रारी. प्रत्येकीपुढे व्ही. एस. मगदूम.

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. “आधी फोन लावा सगळ्यांना. आत्ता. मग बाकीचं.”

बाकीचं म्हणजे काय ते आत्ताच सांगून टाकते. काकूंवरचा ठपका गेला आणि त्या त्यांच्याच खुर्चीतून निवृत्त झाल्या. संघानं आमचं काम काढून घेतलं नाही, पण निनाद सर माझ्याशी पूर्वीसारखं बोलेनात, आणि दोन महिन्यांनी त्यांनी मला दुसरीकडे बघ म्हणून सांगितलं. मला राग आला नाही. घरी त्यानंतरचे तीन महिने फार कठीण गेले, त्यावर नवऱ्याशी भांडणंही झाली. “तू गप्प बसली असतीस तर” हे वाक्य तो एकदाच बोलला, नंतर कधी नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं.

*

नियम काढून टाकला आणि आम्ही दोघी काकूंच्या टेबलाशी बसलो. त्या फोन लावत होत्या, मी लिहीत होते.

“हां, वत्सला बोलतेय. तुमचं ते पंख्याचं होतं ना मागच्या महिन्यात? झालं? कुणी केलं? तुम्हीच? बरं. नाही, मेस्त्री येतोय तरी. येऊ दे की.”

“वत्सला बोलतेय. तुम्ही गळतंय म्हणाला होता. अजून गळतंय? बादली लावलीय? अहो, मग परत का नाही केलात फोन?” मग माझ्याकडे बघून, फोनवर हात ठेवून, “म्हणतोय, केला तर तुम्ही चिडता.” आणि परत फोनमध्ये, “मी कधी चिडले हो तुमच्यावर? बरं, ते सोडा. ते तेव्हाचं होतं.”

कुणी शिव्या दिल्या, कुणी हसले. बहुतेकांनी यंत्र आपलं आपण कसंबसं चालू ठेवलं होतं. तिघांकडे झटका बसत होता. त्या तिन्ही ठिकाणी काकूंनी तिथल्या तिथे वीज बंद करायला लावली आणि बंद केल्याचं त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय फोन ठेवला नाही.

साडेपाच वाजून गेले. चाळीस फोन झाले. एकेचाळिसावी तक्रार घोटणवाडीची होती. काकूंनी मालनच्या घरचा क्रमांक लावला, ती रविवारीच दवाखान्यातून घरी आली होती. पलीकडे घंटा वाजायला लागली आणि काकूंनी फोन माझ्यापुढे धरला.

“हा तू कर.”

“काकू, मी काय बोलू?”

“मला काय विचारतीस.”

मी फोन घेतला.

“कोण?” बाईचा आवाज होता, थकलेला.

“मालनताई, मी रेणुका. संघातून बोलतेय. तुम्ही मुंग्या येतात म्हणून कळवलं होतं ना, ती तक्रार बंद झाली होती. ती वत्सलाकाकूंनी बंद केली नव्हती. संगणकात एक नियम होता, त्यानं झाली. तो नियम मी लिहिलेला.”

पलीकडे कुणीतरी भांडी विसळत होतं.

“तुम्ही कधी आलाय का घोटणवाडीला?” तिनं विचारलं.

“नाही.”

“बरं.” तिनं श्वास घेतला. “थांबा, डाव्या हातानं धरलाय फोन, सरकतोय.” मग भांड्यांचा आवाज थांबला. कुणीतरी फोन तिच्या कानाशी धरला असावा. “लिहायला हाय का काय जवळ?”

“आहे.”

“मग लिहा. पहिल्यापासनं सांगते. मधी थांबवू नका मला.”

मी तक्रारीच्या नमुन्यात लिहायला सुरुवात केली. वर्णनाच्या रकान्यात दोनशे अक्षरं मावतात, ती मर्यादा माझीच. मालनला पहिल्यांदा बोटांना कसंतरी झालं, त्या सकाळी कॅन कुणी आणले होते आणि फरशी किती ओली होती, इथपर्यंतच ती आली आणि रकाना भरला. मी थांबले तसे वत्सलाकाकूंनी पाठकोरे कागद माझ्याकडे सरकवले, त्यावर पेन ठेवलं आणि आता बराच वेळ बसायचंय हे ओळखून पायातल्या चपला काढल्या.

मी लिहीत राहिले. दुसरा कागद संपला तेव्हा मालन अजून सोमवारच्या सकाळपर्यंतच आली होती.